काठावरच्या वाळुंजाचा हिशेब

माझे मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, राहायला निगडी प्राधिकरणात. माझी धाकटी बहीण चिंचवडच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही आणि नदीचा विषय निघाला की पटतही नाही. यंदा वाद पेटला तो पवनाकाठच्या वाळुंजाच्या झाडांवरून. मी चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करतो, त्यामुळे या वादात माझ्याकडे चहा आणायचं आणि जमेल तेवढं लिहून ठेवायचं काम. माझी मतं कंसात आहेत, ती वगळून वाचली तरी चालेल.

मामा : तू पाठवलेला तो लेख वाचला गं. अमेरिकेतल्या दलदलीच्या जागेतला ओक. बदकं त्याची फळं खातात, हरणं खातात, शेकडो जातींचे सुरवंट त्याच्या पानांवर वाढतात. वाचायला छान आहे. पण ओक आपल्याकडे नाही. हिमालयात असेल.

भाची : हिमालयात आहे, बांज म्हणतात त्याला. आपल्या नद्यांवर नाही, हे खरंच. पण तुम्ही लेख अर्धाच वाचलेला दिसतोय. जिथं जिथं ओकवरच्या किड्यामुंग्यांची मोजदाद झाली, तिथं त्याच्या खांद्याला खांदा लावून दुसरं एक घराणं उभं आहे, ते म्हणजे विलो. ब्रिटनमध्ये केनेडी आणि साउथवुड यांनी १९८४ साली यादी छापली. ओकच्या दोन जातींवर मिळून कीटकांच्या ४२३ जाती आणि विलोच्या पाच जातींवर मिळून ४५०. आणि विलोच्या घराण्यातलं झाड आपल्या दारात आहे. वाळुंज.

मामा : तिथं पाच जाती, इथं एक. तिथला आकडा इथं चिकटवू नकोस.

भाची : आकडा नाही चिकटवत. घराण्याचा स्वभाव सांगते. पाण्याच्या कडेला राहायचं, भराभर वाढायचं, कोवळी पालवी पुन्हा पुन्हा फोडायची आणि ती दुसऱ्यांना खाऊ द्यायची.

मामा : मी चाळीस वर्षं नद्यांवर काढली. वाळुंज मला चांगला ठाऊक आहे. काळपट, उभ्या भेगांची साल. पान वरून हिरवं, खालून पांढुरकं. वारा सुटला की सगळं झाड रुपेरी दिसतं. दिसायला देखणं, यात वादच नाही. पण लाकूड कामाचं नाही, फळ खायचं नाही, सावलीही विरळ. धनगर शेरडांना पाला घालायचे, बुरूड फोक न्यायचे. आता पिंपरी-चिंचवडात शेरडं कुठं आहेत आणि विणलेल्या पाट्या कोण घेतो?

भाची : म्हणजे माणसाच्या उपयोगाचं नाही म्हणून निरुपयोगी?

मामा : तसं म्हणालो का मी? मी म्हणतो, पूर आला की ते माझ्या वाटेत येतं.

(मामांच्या बोलण्यात नदी नेहमी ‘माझी’ असते. निवृत्त झाले, तरी ताबा सोडलेला नाही.)

भाची : पुरावर येऊच आपण. आधी एक झाड नीट बघा. पावसाळा सरला की वाळुंजाला तुरे येतात, बोटभर लांबीचे, लोंबते. नराचे तुरे पिवळसर, त्यांना गोडसर वास असतो. ते दिवस कसे असतात? रानातली पावसाळी फुलं संपत आलेली असतात आणि उन्हाळ्यातला पळस-पांगारा अजून लांब असतो. अशा वेळी मधमाश्यांना परागही मिळतात आणि मकरंदही. सकाळच्या उन्हात फुललेल्या नर वाळुंजाखाली उभे राहा, माश्या दिसायच्या आधी त्यांचा आवाज येतो. त्या तुऱ्यांवर बारीक किडे येतात आणि त्या किड्यांमागे पर्णवटवटे. वितभरसुद्धा नसलेला तो हिरवट पक्षी हिमालयापासून आणि त्याच्याही पलीकडून इथं हिवाळा काढायला येतो. पानांच्या टोकाटोकाला जाऊन किडे टिपतो. चष्मेवाल्यांची टोळी असते, शिंजीर असतो. पाण्यावर झुकलेली फांदी खंड्याची.

मामा : हे सगळे पक्षी बाभळीवरही असतात.

भाची : काही असतात. पण कॉमन लेपर्ड नावाचं फुलपाखरू घ्या. नारिंगी पंख, त्यावर काळे ठिपके. त्याची मादी कुठल्याही झाडावर अंडी घालत नाही. मोजक्या झाडांची कोवळी पालवी तिला चालते आणि त्यात वाळुंज आहे. सुरवंट काटेरी दिसतो, पण निरुपद्रवी. कोवळं पानच खातो, जून पानाला तोंड लावत नाही. मग पानाखाली उलटा टांगून कोश करतो. हिरवा कोश, त्यावर चांदीचे आणि लाल ठिपके. सोनाराकडे घडवून आणल्यासारखा. तुमच्या उद्यानात सप्तपर्णीच्या शंभर झाडांची रांग लावा, या फुलपाखराला त्यातलं एकही उपयोगाचं नाही.

मामा : आणि पाण्याखाली?

भाची : तेच सांगणार होते. पाण्यात बुडालेल्या खोडाला बारीक मुळांची जाळी फुटते. त्यात माशांची पिल्लं लपतात, पाण्यातले किडे राहतात. आपल्या नद्यांची माशांबाबत काय ख्याती होती, तुम्हाला सांगायला नको. दख्खनचा महाशीर शास्त्राला पहिल्यांदा ठाऊक झाला तो इथलाच. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचं वर्णन केलं, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या माशावरून. इंद्रायणीत देहूच्या डोहात लोकांनी देवाचे म्हणून जपले ते महाशीरच. हा मासा पाण्यात पडलेले किडे खातो, फळं खातो. काठावरचं झाड म्हणजे त्याचं ताट.

मामा : महाशीर झाडं तोडल्यामुळे गेला नाही. मैलापाण्यानं गेला. आळंदीला इंद्रायणीवर फेस येतो तो वाळुंज तोडल्यामुळे येतो का? दर उन्हाळ्यात जलपर्णीनं पवना झाकली जाते, सांगवी-दापोडीचे लोक डासांनी बेजार होतात. ते कशामुळे? आता माझा मुद्दा ऐक आणि मधे बोलू नकोस.

(इथं मामांनी कपाटातून पुस्तक काढलं. मुखपृष्ठ गेलेलं, पानं पिवळी पडलेली.)

मामा : वेन ते चाऊ. १९५९ सालचं पुस्तक. उघड्या प्रवाहांचं जलशास्त्र आम्ही सगळे यावरच शिकलो. यात मॅनिंगच्या ‘एन’चा तक्ता आहे. पाण्याला काठ आणि तळ किती अडवतात, त्याचं माप. स्वच्छ, सरळ ओढा असेल तर ०.०३०. आणि हे बघ, पूरमैदानावर झाडं असतील तर कोणती, तेही लिहिलंय. ‘दाट विलो’. तुझ्याच झाडाचं नाव घेऊन लिहिलंय! ०.१५०. पाच पट. म्हणजे उतार तोच, खोली तीच, पण पाण्याचा वेग पाचव्या हिश्श्यावर. वेग कमी झाला की पाणी चढतं. चढलं की सांगवीतल्या तळमजल्यात शिरतं. मुळेचं पाणी मुळशी धरणाकडून, पवनेचं पवना धरणातून आणि दोन्ही येऊन भेटतात तिथंच. २०१९ चा ऑगस्ट आठव, २०२४ चा जुलै आठव. गाद्या उचलून गच्चीवर नेणाऱ्या बाईला तू फुलपाखराचा कोश दाखवणार आहेस?

भाची : तक्ता बरोबर आहे, तुम्ही तो वापरताय चुकीचा. ‘दाट विलो’ म्हणजे अख्खं मैदान भरून उन्हाळी पालवीनं गच्च झालेलं रान. पवनेवर काय आहे? इथं दोन झाडं, तिथं चार, मधे मोकळा काठ. त्यांना ०.१५० लावणार असाल तर रस्त्यात दोन म्हशी बसल्या म्हणून महामार्ग बंद म्हणा. आणि वाळुंजाचे फोक लवचीक असतात, पुरात आडवे होतात. पाणी ओसरलं की पुन्हा उभे.

मामा : आडवे होतात हे मान्य. पण मोडलेली फांदी वाहत जाऊन पुलाच्या खांबाला अडकते, तिला प्लॅस्टिक अडकतं आणि पुलाचा बांध होतो. ते तू पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय.

भाची : मग पावसाळ्याआधी मोडक्या फांद्या काढा. आणि दुसरं सांगा, काठ गुळगुळीत करून पाणी जोरात पळवलं तर ते जातं कुठं? सांगवीतून सुटलं की पुण्यात. तुमच्याच खात्यात म्हणायचे ना, पूर संपत नाही, फक्त पत्ता बदलतो?

मामा : म्हणायचो. पण सांगवीच्या नगरसेवकाला पुण्याचा पत्ता विचारून बघ!

(यावर दोघंही हसले. माझा कौल विचाराल तर या फेरीत बहीण पुढे होती. पुढची फेरी मात्र मामांची.)

मामा : पूर सोड. मैलापाण्यावर बोल. नदी साफ करायची तर नाले नदीत पडायच्या आधी अडवावे लागतात. त्यासाठी ड्रेनेजची मोठी लाइन टाकावी लागते. ती कुठून जाणार? मैलापाणी उतारानं वाहतं, म्हणून सगळ्यात सखल जागेतून. सगळ्यात सखल जागा कोणती? नदीचा काठ. तिथं कोण उभं आहे?

भाची : वाळुंज.

मामा : बोल आता. झाड वाचवलं तर लाइन अडते, लाइन अडली तर मैला थेट नदीत. तुझा महाशीर त्यात जगणार आहे का?

भाची : लाइन दहा मीटर मागं घेता येत नाही?

मामा : मागं म्हणजे वर. वर घेतली की पंप आला. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की मैला नदीत. शिवाय मागं जागा आहे कुठं? मागं सोसायटीची भिंत आहे.

(इथं बहीण गप्प बसली. तिला उत्तर सुचत नव्हतं असं नाही, मामांचं म्हणणं खरं आहे हे तिला कळत होतं. नदीकाठच्या आंदोलनांत हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. २०२५ मध्ये मुळेच्या नदीकाठ प्रकल्पासाठी पिंपळे निलखला झाडं जाणार म्हणून लोक जमले, ते योग्यच झालं. पण घोषणेत मॅनहोल बसत नाही.)

भाची : ठीक. लाइनसाठी काही झाडं जातील, मी आडवी पडणार नाही. पण गेलेलं झाड तुम्ही मोजता कसं, ते सांगा.

मामा : कायद्यानं. १९७५ चा झाडांचा कायदा आहे, त्यात २०२१ ला दुरुस्ती झाली. झाडाचं वय जेवढं तेवढी नवी झाडं लावायची. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं असेल तर वारसा वृक्ष. याहून चांगलं काय हवं?

भाची : वडाला चांगला आहे. चिंचेला चांगला आहे. वाळुंज घाईचं झाड, मामा. वाढतो भराभर, पुरात मोडतो, मोडल्या जागेवरून पुन्हा फुटतो. बऱ्याचदा पन्नाशी गाठतच नाही. म्हणजे तो वारसा सहसा होणारच नाही, त्याच्या नावावर रोपंही थोडी येणार आणि तीही वाळुंजाची नसणार. दादा, तुझ्या कंपनीत काय लावता रे?

(मला मधे ओढलं गेलं. आमच्याकडे जूनमध्ये वृक्षारोपण असतं. सीएसआरचा निधी, टेकडीचा उतार, टोप्या, फोटो. रोपांच्या यादीत कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण. यादी वाईट नाही, बरीचशी झाडं देशीच आहेत. वाळुंज यादीत मी कधी पाहिला नाही आणि टेकडीवर लावला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात वाळला असता. आम्हाला वर्षअखेरीला किती जगली याचा आकडा द्यावा लागतो. वाळुंज आमचा आकडा बिघडवेल, हे मी तिला सांगितलं.)

भाची : बघा. काठावरचं झाड तोडायचं, टेकडीवर चाळीस रोपं लावायची आणि कागदावर नफा दाखवायचा. टेकडीवरचा कडुनिंब चांगलाच आहे. पण पाण्यावर झुकलेली फांदी तो कुठून देणार?

मामा : मग वाळुंजच लाव ना काठावर. याची फांदी चिखलात खोचली तरी जगते. युरोपात काठ धरून ठेवायला विलोचे जिवंत खुंट ठोकतात, फोकांच्या मोळ्या पुरतात. गॅबियनच्या जाळीत दगड भरण्यापेक्षा स्वस्त. मला अधिकार असता तर मी केलं असतं. तुझा प्रश्न मिटला.

भाची : अर्धाच मिटला. वाळुंजात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. एका नराच्या शंभर फांद्या लावल्या तर शंभर नरच होणार. बी धरायचं कुणी?

मामा : दोन्हीच्या फांद्या घे.

भाची : नर कोण नि मादी कोण, ते तुरे आल्यावरच कळतं. झाडांची गणना उन्हाळ्यात झाली तर कळायचा मार्गच नाही. गणनेच्या तक्त्यात उंची असते, घेर असतो, वय असतं. नर की मादी असा रकाना कुठल्या तक्त्यात आहे? पुढे ऐका. मादीचं फळ उकललं की त्यातून पांढऱ्या रेशमी केसांचं बारीक बी उडतं. वाऱ्यावर जातं, पाण्यावर तरंगत जातं. एकेका बीचं आयुष्य काही दिवसांचंच. तेवढ्यात तिला उघडा, ओला गाळ मिळाला तर ती रुजते, नाही तर मेली. पूर ओसरल्यावर काठावर जो ताजा गाळ राहतो ना, तो तिचा पाळणा. तिथं तुम्ही दगडाचं पिचिंग केलंत, पायऱ्या बांधल्यात, की असलेली झाडं उभी राहिली तरी त्यांच्यामागं कोणी नाही. तोडायचीही गरज नाही मग.

मामा : हं.

भाची : नुसतं हं?

मामा : हे मला माहीत नव्हतं. आमच्या हिशेबात काठ म्हणजे एक रेघ. या रेघेच्या आत पाणी, बाहेर माणसं. पण मग एक सांगतो, आणि हे मी खात्यात असतानाही सांगायचो. नदी झाडांनी अरुंद केली नाही. आपण केली. निळी पूररेषा म्हणजे काय? पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती. लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाचा. निळ्याच्या आत बांधकाम नको, एवढं साधं आहे. तरी राडारोडा टाकायचा, सपाट करायचं, गुंठे पाडायचे, विकायचे. २०२५ च्या मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले पाडले. आधी हरित लवादात हरले, मग सर्वोच्च न्यायालयात. लोकांनी आयुष्याची पुंजी घातली होती त्यात. विकणारे मोकळे. त्या जागेवर मुळात काय असायला हवं होतं?

भाची : ओला गाळ. आणि त्यावर वाळुंज, करंज, उंबर.

मामा : उंबराची काळजी तू करू नकोस. उंबराखाली दत्त आहे. कुऱ्हाड घेतलेला माणूसही आधी हात जोडतो आणि बऱ्याचदा परत जातो. देहूला नांदुरकी आहे, आळंदीला अजानवृक्ष आहे, त्यांनाही कोणी हात लावत नाही. तुझ्या वाळुंजाला देव नाही, हीच त्याची अडचण.

भाची : म्हणून त्याला तुमच्यासारखा अभियंता लागतो.

मामा : गोड बोलू नकोस. मी अजूनही म्हणतो, सांगवीच्या वळणावर जिथं पात्र खरंच आवळलंय, तिथं पात्रातली झाडं काढावी लागतील. ड्रेनेज लाइनवरही मी हटणार नाही. पण निळ्या रेषेच्या आतली जी जमीन अजून मोकळी आहे, तिथं दगड नको, पायऱ्या नको, लॉन तर मुळीच नको. गाळ येऊ दे, बी पडू दे. फुकटात होणाऱ्या कामाला टेंडर कशाला?

भाची : लॉनवर फिरायला येणाऱ्यांचं काय? त्यांनाही नदी हवीच असते.

मामा : लाल रेषेच्या बाहेर फिरावं की! शंभर पावलं लांबून नदी दिसते. आणि आता उंबर फोडून केंबरं काढत बसू नकोस, मी तुझ्या बाजूनं बोलतोय.

(वाद इथं थांबला, कारण मामांची औषधाची वेळ झाली. दोघांचं पूर्ण पटलं असं अजिबात नाही. वळणावरची झाडं नेमकी किती काढायची, यावर बहीण अजून फोनवर भांडते. माझं मत मी सांगून टाकतो. ड्रेनेज लाइनच्या बाबतीत मामा बरोबर आहेत, बाकी सगळ्यात बहीण. आणि चाकणच्या कंपन्यांनी टेकडीवर एक झाड कमी लावून भामा, इंद्रायणी, पवना यांच्या काठी नर आणि मादी अशा दोन्ही वाळुंजांचे खुंट रोवायला पैसे दिले, तर तो निधी जास्त कारणी लागेल. आकडा थोडा बिघडेल. बिघडू द्यावा.)

वाचकांना एक विनंती. झाड तोडायचं ठरलं की त्याच्या खोडावर वृक्ष प्राधिकरणाची नोटीस लागते आणि हरकत घ्यायला साधारण सात दिवस असतात. तुमच्या भागात नदीकाठी अशी नोटीस दिसली तर ‘झाडं वाचवा’ एवढंच लिहून पाठवू नका. झाडाची जात लिहा, पाण्यापासून किती अंतरावर आहे ते लिहा, जागा निळ्या रेषेच्या आत आहे का ते लिहा आणि त्या बदल्यात कोणती झाडं, कुठं लावणार, हे लेखी विचारा. वाळुंज असेल तर नर की मादी, हेही विचारा.